वटवाघळांचं मोफत नमुना-वाटप

मी वटवाघळांच्या विरुद्ध कधीच नव्हतो, हे आधी स्पष्ट करतो. त्यांच्या बाजूचाही नव्हतो. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना काहीही न विचारता सुखाने राहत होतो. ती त्यांच्या टाकीत, मी माझ्या दुसऱ्या मजल्यावर. पण एका दुपारी मी चहात बिस्कीट बुडवलं आणि नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजली. दार उघडून परत येईपर्यंत बिस्कीट तळाला गेलं होतं. त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात जे जे झालं, त्याची सुरुवात त्या बिस्किटापासून धरायला हरकत नाही.

दारात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई होत्या. बाईंनी छत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. अर्धं गाव बेडकाची रचना त्यांच्याकडून शिकलेलं आहे, त्यामुळे अर्धं गाव त्यांना बघून अजूनही उठून उभं राहतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वटवाघूळ संरक्षण संस्था काढली. संस्थेचे सभासद सात. त्यातले एक वारले आहेत, पण त्यांचं नाव कमी करायला सभा लागते, सभेला गणसंख्या लागते आणि गणसंख्या त्यांना धरूनच पुरी होते. आमची ही त्या संस्थेची खजिनदार. खजिना म्हणजे एक दुर्बीण आणि दोन बादल्या.

बाईंच्या हातात नगरपालिकेची नोटीस होती. आमच्या वसाहतीच्या मागे पाण्याची एक जुनी, उंच टाकी आहे. तिच्यात पाणी नाही, ते कधीच बंद झालं. वटवाघळं आहेत. ती टाकी पाडून तिथे गाड्या उभ्या करायची सोय होणार होती. तीन आठवड्यांनी यंत्र येणार. त्याआधी तीनशे नागरिकांनी लेखी हरकत घेतली, तर फेरविचार होईल, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"आत्ताच पिल्लं झालीत हो," बाई म्हणाल्या. "एकेकीला एकच होतं. दोन महिने तरी त्यांना उडता येत नाही. भिंत पडायला लागली की आया उडून जातील. पिल्लं मात्र..."

बाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. छत्तीस वर्षं मुलांकडून पूर्ण वाक्यात उत्तरं घेतलेली बाई ही. मी काहीतरी धीराचं बोलणार, तेवढ्यात आमची ही म्हणाली, "बाई, ह्यांना सांगा ना! एकतीस वर्षं साबण खपवलाय ह्यांनी. ज्यांना अंघोळ नको असायची त्यांच्याही गळ्यात मारलाय."

वाक्याची रचना मला आवडली नाही, पण आशय खरा होता. मी साबणाच्या कंपनीत विक्री विभागात होतो. निवृत्तीनंतर दोन वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. दुधाच्या पिशव्या किती आणायच्या, हेही ही परस्पर ठरवायची. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "आधी धोरणात्मक विपणन आराखडा करावा लागेल."

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे ह्यांना आता झोप लागणार नाही," ही म्हणाली.

आराखडा चव्वेचाळीस पानांचा झाला. बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके असे चार भाग पाडले. उणिवांनाच नऊ पानं गेली. बलस्थानांमध्ये दोनच गोष्टी निघाल्या: वटवाघळं डास खातात आणि त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. दुसरी गोष्ट आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांबद्दल म्हणता येणार नाही, म्हणून मी ती अधोरेखित केली.

मग बाजारपेठेची पाहणी. घरोघर जाऊन मी एकच प्रश्न विचारला: वटवाघूळ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? चौदा जणांना छत्री आठवली. एकाला आपले जुने साहेब आठवले आणि तो अर्धा तास साहेबांबद्दल बोलत राहिला. औषधाच्या दुकानदाराने उलट मलाच विचारलं, "डास संपले तर माझं डासांचं मलम कोण घेणार?" हे धोक्यांमध्ये लिहिलं. समोरच्या दारातले कॅप्टन म्हणाले, "फुकट सल्ला देतो. प्राण्याचा फोटो छापू नका." कॅप्टन म्हणजे जहाजावरचे नव्हेत. तारुण्यात ऑफिसच्या कॅरम संघाचे ते कॅप्टन होते आणि नंतर संघ मोडला तरी पद राहिलं.

आराखडा मी संस्थेच्या सभेपुढे वाचला. घोषवाक्य म्हणून मी सुचवलं होतं: "वटवाघूळ, आता नव्या रूपात!"

"पण ती जुन्याच रूपात आहेत," बाई म्हणाल्या.

"बाई, साबणही जुनाच असायचा."

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी खुर्चीतून अर्धा उठलो. घोषवाक्य रद्द झालं.

मग सलूनवाल्याने सल्ला दिला. केस कापताना माणूस पळून जाऊ शकत नाही, म्हणून त्याचे सगळे सल्ले पूर्ण ऐकून घ्यावे लागतात. तो म्हणाला, "साहेब, लोकांना दिसलं पाहिजे. वटवाघळाचा पोशाख घाला आणि बाजाराच्या चौकात उभे राहा." कल्पना वाईट नव्हती. शिंप्याकडे छत्रीचं कापड दिलं आणि पंख शिवून घेतले. पंख पसरलेले दिसावेत म्हणून शिंप्याने बाह्यांमध्ये काड्या घातल्या. पोशाख झकास झाला, फक्त तो चढवल्यावर हात खाली येईनात. चौकात मी दोन्ही हात फैलावून अडीच तास उभा होतो. तेवढ्यात सहा जणांनी मला छत्र्यांचं दुकान कुठे आहे ते विचारलं. एका आजीबाईंनी माझ्या एका हाताला पिशवी अडकवली आणि भाजी घेऊन येईपर्यंत सांभाळायला सांगितलं. घरी आलो तर दारातून आत जाता येईना. तिरका होऊन शिरलो. हिने बशीतून मला चहा पाजला आणि पाजताना इतकी हसली की निम्मा चहा पंखांवर गेला.

हरकती किती आल्या? एकही नाही. आठवडा संपला होता.

पण एकतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो आहे. माणसाला सांगून काही पटत नाही, त्याच्या हातात वस्तू ठेवावी लागते. आधी नमुना द्यायचा आणि मग बोलायचं! आता वटवाघळाचा नमुना काय देणार? जिवंत नमुन्याला बाईंनी साफ नकार दिला. मी टाकीपाशी गेलो, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि खाली मला उत्तर सापडलं. टाकीच्या पायथ्याशी काळसर भुकटीचा मोठा ढीग होता.

"हे त्यांचंच," बाई म्हणाल्या. "जुनं आहे, पार कुजून माती झालीय. उत्तम खत. कुंडीत चिमूटभर घाला आणि बघा."

मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. आमच्या वसाहतीत ज्याच्या खिडकीत कुंडी नाही असं घर नाही, आणि ज्याच्या कुंडीत फूल आहे असंही घर नाही. वटवाघळांनी फुलं दिली की लोक वटवाघळांना हरकती देतील. आराखड्यात मी पंचेचाळिसावं पान जोडलं.

पुड्यांचा प्रश्नही चुटकीसरशी सुटला. आमच्या कंपनीने एकदा चेहरा उजळवणारा लेप काढला होता. कोणाचाही चेहरा उजळला नाही, म्हणून तो बंद झाला आणि उरलेल्या रिकाम्या पुड्यांचे दोन खोके मला निवृत्तीच्या दिवशी भेट मिळाले. पुडी देखणी होती, सोनेरी. वर एक हसरी बाई आणि खाली "रोज पंधरा मिनिटं लावा. फरक स्वतः बघा!" त्यावर आम्ही चिकटपट्ट्या लावल्या: "वटवाघूळ खत. फक्त कुंडीसाठी." दोनशे बारा पुड्या भरल्या. हातमोजे घालून भरल्या, कारण बाईंनी तशी ताकीद दिली होती. आणि नमुन्याला सुगंध नसेल तर नमुना कसला, म्हणून प्रत्येक पुडीत जाईच्या अत्तराचा एकेक थेंब टाकला. हे मात्र बाईंना सांगितलं नाही.

प्रत्येक पुडीबरोबर नगरपालिकेचा हरकत-अर्ज जोडला. अर्जात नाव, पत्ता, "हरकत कशाबद्दल", "कारण" आणि सही एवढ्याच जागा. ही म्हणाली, "अहो, 'हरकत कशाबद्दल' इथे 'टाकी पाडण्याबद्दल' असं आपणच लिहून टाकू. लोकांना फक्त सही करायला लागेल."

"अगं, ग्राहकाच्या तोंडात शब्द घालायचे नसतात," मी म्हणालो. "त्याला त्याच्या शब्दांत बोलू दे. ते जास्त मनापासून होतं."

हे माझं वाक्य ही आजही पाहुण्यांना ऐकवते.

पुड्या वाटल्या त्या दिवसापासून उन्हाचा कडाका सुरू झाला. आमच्या घरात उरलेल्या पुड्यांवरच्या चिकटपट्ट्या दुसऱ्या दिवशी वळून खाली पडलेल्या मला दिसल्या. मी त्या झाडून केरात टाकल्या. दुसऱ्यांच्या घरीही ऊन असतं, हा विचार माझ्या मनात आला नाही. मोठ्या योजनांमध्ये माणसाचं लक्ष मोठ्या गोष्टींकडे असतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं नगरपालिकेत गेलो. हरकती खिडकी क्रमांक चारवर घेतल्या जातात. खिडकीमागचा कारकून बाईंना पाहून ताडकन उभा राहिला. तोही त्यांच्याकडे बेडूक शिकलेला होता.

"हरकती आल्या आहेत का हो?" मी विचारलं.

"आल्यात की! पंचेचाळीस."

तीनशेपेक्षा खूप कमी होत्या, पण शून्यापेक्षा किती जास्त! मी हिच्याकडे पाहिलं. बाईंनी तर माझा हात धरला. "वाचून दाखवा ना," त्या म्हणाल्या.

कारकुनाने घसा साफ केला. "हरकत कशाबद्दल: दुसऱ्या मजल्यावरचे साबणवाले गृहस्थ. कारण: पंधरा मिनिटं लावून ठेवलं. फरक पडला नाही. नंतर कळलं की ते काय होतं." खाली कॅप्टनची सही.

माझ्या पायाखालची फरशी सरकली. कारकून वाचतच होता. "हरकत कशाबद्दल: तेच गृहस्थ. कारण: वास चांगला आहे, त्यामुळे राग जास्त येतो." सलूनवाल्याचा अर्ज दोन पानी होता. त्याने चार गिऱ्हाइकांना लावलं होतं आणि त्यातल्या एकाचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. पंचेचाळिसातले त्रेचाळीस अर्ज माझ्याविरुद्ध होते. टाकीच्या बाजूचे दोन: एक बाईंचा आणि एक हिचा. माझा स्वतःचा अर्ज सही राहिली म्हणून बाद झाला होता.

लोक खरोखरच आपल्या शब्दांत आणि अगदी मनापासून बोलले होते. आणि त्यांना कागदही मीच पुरवला होता.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो. बाईंच्या हातात नेहमीचं ते मोजणीचं छोटं यंत्र होतं, अंगठ्याने दाबलं की एक आकडा पुढे जाणारं. रोज संध्याकाळी टाकीतून बाहेर पडणारी वटवाघळं त्या त्याच्यावर मोजतात. बावीस वर्षांत एकही संध्याकाळ चुकलेली नाही. ते यंत्र त्या नुसत्याच कुरवाळत होत्या.

तेवढ्यात कारकून हळूच म्हणाला, "बाई, नियम सतरा."

"कसला नियम?"

"अंगाला लावलेल्या पदार्थाबद्दल तक्रार आली, की आरोग्य खात्याची चौकशी लागते. आणि तो पदार्थ ज्या जागेतून आला, त्या जागेला चौकशी संपेपर्यंत कोणीही हात लावायचा नाही. वीटसुद्धा हलवायची नाही. मला आज टाकीला सील ठोकावं लागेल, बाई. माझा नाइलाज आहे." असं म्हणताना तो चक्क हसत होता.

त्याच संध्याकाळी टाकीच्या दाराला लाल दोरी आणि लाख लागली, वर पाटी आली: "चौकशी सुरू आहे. आतील काहीही हलवू नये." बाईंनी ती पाटी दोनदा वाचली. मग त्यांनी डोळे पुसले आणि वटवाघळं मोजायला सुरुवात केली. एक हजार आठशे सेहेचाळीस भरली.

"तुमच्यामुळे वाचली हो!" ही म्हणाली.

"माझ्या बदनामीमुळे वाचली."

"तेच ते."

तेच ते कसं? पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. ज्या माणसाच्या साबणाबद्दल एकतीस वर्षांत कंपनीकडे एक पत्र आलं नाही, त्याला लोक जिन्यात "लेपवाले" म्हणायला लागले. आरोग्य खात्याच्या डॉक्टरांनी त्रेचाळीस चेहरे तपासले. कोणाला पुरळसुद्धा उठलं नव्हतं, पण डॉक्टरांनी प्रत्येकाला माझी गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली आणि दर वेळी नव्याने हसले. सलूनमध्ये मला बसवून घेईनात. कॅप्टन समोर आले की मान वळवायचे. मी जिन्याऐवजी लिफ्टने जायला लागलो, आणि लिफ्टमध्ये आरसा आहे, त्यामुळे तिथेही सुटका नव्हती. रात्री उशीवर डोकं टेकलं की मी एकच गोष्ट डोळ्यांपुढे आणायचो: नगरपालिकेचा दाखला, शिक्क्यासकट, "सदर गृहस्थ निर्दोष आहेत." दिवाणखान्यात तो कुठे टांगायचा ती जागाही मी हेरून ठेवली होती, घड्याळाच्या बरोबर खाली.

आणि मग फुलं आली.

कोणी मुद्दाम खत घातलं नव्हतं. रागाच्या भरात उरलेल्या पुड्या लोकांनी खिडकीतल्या कुंड्यांत भिरकावल्या होत्या. तीन आठवड्यांत आमच्या वसाहतीच्या भिंती ओळखू येईनात. औषधाच्या दुकानदाराच्या सुकलेल्या वेलीला पालवी फुटली. आणि एका सकाळी आमच्या दारात कॅप्टन उभे. हातात एक लालभडक गुलाब. ह्या माणसाच्या कुंडीत आजवर सिगारेटच्या थोटकांशिवाय काही उगवलं नव्हतं.

"साहेब, माफ करा," ते म्हणाले. "आम्ही तुमच्यावर अन्याय केला. कपडे करा. तुमच्यासाठी एक गंमत आहे."

गंमत खिडकी क्रमांक चारवर होती. कॅप्टनने तीन दिवस घरोघर फिरून त्रेचाळीसही तक्रारी मागे घ्यायला लावल्या होत्या. अर्धी वसाहत तिथे आली होती, सलूनवालासुद्धा. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कारकुनाने माझ्यापुढे दाखला सरकवला. टाइप केलेला, शिक्का मारलेला. "सदर गृहस्थ निर्दोष व सद्वर्तनी आहेत." सद्वर्तनी! हा शब्द तर मी मागितलाही नव्हता. मी दाखला तीनदा वाचला. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

"इथे सही करा," कारकून म्हणाला. आज तो हसत नव्हता. "सही झाली की फाइल बंद. सील उद्या काढतील. यंत्र सोमवारी येईल."

टाळ्या थांबल्या.

"कसलं यंत्र?" कॅप्टनने विचारलं.

बाई मागे बाकावर बसल्या होत्या. "टाकी पाडायचं," त्या म्हणाल्या. "पिल्लांना उडायला अजून दोन आठवडे आहेत."

कॅप्टनचा चेहरा पडला. त्यांनी चूक कळल्याबरोबर खिडकीत डोकं घातलं. "अहो, मग आमच्या तक्रारी परत द्या! आम्हाला फार त्रास झाला! माझा चेहरा अजून चुरचुरतो!"

"एकदा मागे घेतलेली तक्रार त्याच माणसाला पुन्हा करता येत नाही," कारकून म्हणाला. "नवा माणूस हवा. त्याने पदार्थ स्वतः अंगाला लावलेला असला पाहिजे. तोही पुडीवरच्या सूचनेप्रमाणे. आणि सही करायची नसेल तरी फाइल आज पाचलाच बंद होते, कारण तक्रार एकही शिल्लक नाही." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. तो बाईंकडे बघत पुढे म्हणाला, "सूचना पंधरा मिनिटांची आहे, बाई."

मी दाखल्याकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या, हे त्यांचं मोठेपण. त्या त्यांच्या मोजणीच्या यंत्राकडे बघत होत्या.

"तुझ्या पर्समध्ये पुडी आहे का गं?" मी हिला विचारलं.

कॅप्टनच्या गुलाबाला द्यायला म्हणून हिने एक आणलीच होती. "थांबा, मी लावते," ही म्हणाली. तिकडून बाईही उठून पुढे आल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंना उलट उत्तर दिलं. "बाई, बसा. माल माझा आहे."

सलूनवाल्याने पुढे होऊन माझ्या गळ्याभोवती रुमाल बांधला. पाण्याचा तांब्या कोणीतरी आणला. लेप सलूनवाल्यानेच लावला, अगदी हलक्या हाताने, कपाळापासून हनुवटीपर्यंत. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी मी खिडकी क्रमांक चारसमोरच्या बाकावर डोळे मिटून बसलो. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडाला मी काय काय लावलं, त्याचा हिशेब जणू आज माझ्या तोंडावर होत होता. जाईचा वास येत होता. तो खरंच चांगला होता, आणि त्यामुळे राग खरंच जास्त येत होता.

इकडच्या तिकडच्या खिडक्यांवरची माणसं येऊन बघून जात होती. एक शिपाई रांग समजून माझ्या मागे उभा राहिला. कॅप्टन दर मिनिटाला क्रिकेटच्या समालोचनासारखं हळू आवाजात सांगत होते, "नऊ झाली... दहा... साहेब, हसू नका, तडा जातोय... चौदा..."

"पंधरा!" सगळे ओरडले.

पाच वाजायला आले होते आणि मी डोळे उघडू शकत नव्हतो. हिने माझ्या हातात पेन दिलं, कागदावर बोट धरून जागा दाखवली. मी चाचपडत लिहिलं. हरकत कशाबद्दल: मी स्वतः. कारण: पंधरा मिनिटं लावून ठेवलं. फरक पडला नाही. आणि या खेपेला सही विसरलो नाही.

कारकुनाने अर्ज वाचला. नियमांचं पुस्तक काढलं, चाळलं. "तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, हे दोघं एकच असू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "कोणाला सुचलंच नसेल." आणि त्याने शिक्का मारला. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. दाखला त्याने परत घेतला आणि आपल्या खणात ठेवला.

बाहेर पडल्यावर नळाखाली तोंड धुतलं. बाई टॉवेल धरून उभ्या होत्या. "फरक पडलाय," त्या म्हणाल्या. एवढंच.

दोन आठवड्यांनी संध्याकाळी आम्ही सगळे टाकीखाली जमलो होतो. सूर्य बुडाला आणि टाकीच्या फटीतून पहिलं वटवाघूळ निसटलं, मग दुसरं, मग धूर निघावा तसा त्यांचा लोट. बाईंनी मोजायचं यंत्र माझ्या हातात दिलं. "माझा अंगठा दुखतोय," त्या म्हणाल्या. त्यांचा अंगठा बावीस वर्षांत कधी दुखला नव्हता. मी मोजत गेलो. मोठी गेली आणि शेवटी पिल्लं निघाली, अडखळत, एकमेकांवर आदळत. अगदी शेवटचं एक फटीतून डोकावलं, आत गेलं, पुन्हा डोकावलं. "अरे, जा की!" कॅप्टन कळवळून ओरडले. ते पडल्यासारखं खाली आलं, आमच्या डोक्याच्या वीतभर वरून सरकन वळलं आणि गेलं. मी अंगठा दाबला. तीन हजार सहाशे एक. बाईंनी तो आकडा वहीत लिहिला आणि शेजारी, पहिल्यांदाच, मोजणाऱ्याचं नाव लिहिलं.

आता ही पिल्लं उडाली, तरी पुढच्या वर्षी नवी होणार. म्हणून चौकशी अजून चालू आहे. मला नगरपालिकेची दोन वेगळी पाकिटं येतात, एक तक्रारदाराला आणि एक आरोपीला. मागच्या तारखेला आरोपी म्हणून मी वेळेवर हजर होतो, पण तक्रारदाराला सर्दी झाली होती, त्यामुळे तारीख पुढे गेली. कारकुनाने मला तडजोडीचं विचारलं. मी विचार करून सांगितलं, की तक्रारदार काही माघार घ्यायला तयार नाही, आणि आरोपीची त्याला काहीही हरकत नाही.